विजेच्या गायरानाचे कुंपण

वर्धा जिल्ह्यातला शेतकरी रात्रपाळीच्या विजेवर ओलित करायला शेतात उतरतो, तेव्हा त्याच्या डोक्यावरच्या तारांतून छत्तीसगडच्या औष्णिक केंद्रांतली वीज पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे वाहत असते. वर्ध्याचे ७६५ किलोव्होल्टचे उपकेंद्र हा देशाच्या वीज जाळ्यातला एक मोठा चौक आहे. रायपूरकडून आणि मध्य प्रदेशातील सिवनीकडून येणाऱ्या महावाहिन्या येथे मिळतात. येथून एक वाट छत्रपती संभाजीनगरकडे जाते, तर दुसरी निजामाबादमार्गे हैदराबादकडे. देशाच्या विजेचा एवढा मोठा ओघ ज्या जिल्ह्यातून जातो, त्या जिल्ह्यातल्या माणसाला हे जाळे कोण राखतो, कसे राखतो आणि उद्या ते कोणी तोडले तर काय होईल, हे विचारण्याचा अधिकार आहे. आजवर तो अधिकार कोणी मान्य केलेला नाही.

वीज तोडण्यासाठी आता तार कापावी लागत नाही. उपकेंद्रातले ब्रेकर, रिले आणि मीटर ही सारी यंत्रणा संगणकाच्या आज्ञेवर चालते. ती आज्ञा देण्याचे सामर्थ्य परक्या हाती गेले की हजारो मैलांवर बसलेला मनुष्य एका शहराचा अंधार करू शकतो. सायबर हल्ला म्हणतात तो हाच. त्याच्या बंदोबस्ताची चर्चा सध्या दोनच सुरांत चालते. एक सूर म्हणतो, ‘चीनने केले’. दुसरा म्हणतो, ‘काहीच झालेले नाही’. एका सुरात युद्धज्वर आहे, दुसऱ्यात नोकरशाहीची झोप आहे. आणि या जाळ्याचा मालक कोण व त्याचा राखणदार कोण, हा मूळ प्रश्न दोन्ही सुरांत बुडून जातो.

बारा ऑक्टोबरचा धडा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि ऐन करोनाच्या काळात रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. कित्येक वस्त्यांत संध्याकाळपर्यंत वीज आली नाही. बाहेरचे जाळे कोसळले तरी मुंबईने स्वतःला वेगळे करून स्थानिक विजेवर तग धरावा, अशी ‘आयलँडिंग’ची व्यवस्था अनेक वर्षांपासून होती. त्या दिवशी तीही निकामी ठरली. कळवा आणि पडघा यांच्या दरम्यानच्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या, हे तात्कालिक कारण पुढे आले.

साडेचार महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०२१ रोजी, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकन कंपनीच्या अहवालाची बातमी दिली. चीनशी संबंधित एका गटाने भारताच्या पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांसह वीज क्षेत्रातल्या दहा संस्थांना लक्ष्य केल्याचे त्या अहवालात म्हटले होते. मुंबईच्या अंधाराशी या घुसखोरीचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्याच अहवालात नमूद होते. पण तेवढा भाग गदारोळात हरवला. दुसऱ्याच दिवशी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन सांगितले की, वीज मंडळाच्या यंत्रणेत चौदा ‘ट्रोजन हॉर्स’ शिरल्याची आणि परदेशी सर्व्हरवरून आठ जीबी बेहिशेबी माहिती आल्याची शक्यता दिसते. त्यानंतरच्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की, मुंबईची वीज मानवी चुकीमुळे गेली. उत्तर व दक्षिण विभागांच्या भार प्रेषण केंद्रांवर हल्ले झाले होते, परंतु प्रत्यक्ष चालन-यंत्रणेपर्यंत ते पोहोचले नाहीत.

एका अंधाराची दोन सरकारांनी दोन कारणे दिली. ज्या जनतेने तो दिवस अंधारात काढला, तिने कोणावर विश्वास ठेवायचा? देशमुखांचे म्हणणे खरे असेल तर केंद्राने जनतेपासून सत्य लपविले. सिंहांचे म्हणणे खरे असेल तर राज्य सरकारने अपुऱ्या पुराव्यावर खळबळ माजवली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. तरीही दोन्ही विधाने शांतपणे शेजारी शेजारी नांदत राहिली, कारण वीज जाळ्याची माहिती ही जनतेची नव्हे, मंत्रालयाची मालमत्ता आहे, असे दोन्हीकडच्या सत्ताधाऱ्यांनी गृहीत धरलेले आहे.

याहून वेगळे वागता येते, हे याच देशाने दाखवले आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारताचेही जाळे कोसळले. साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात अंधार झाला. आरंभ झाला तो बिना–ग्वाल्हेर ही एक वाहिनी बंद पडण्यातून. चौकशी समितीने काही आठवड्यांतच अहवाल दिला आणि तो प्रसिद्ध झाला. सायबर हल्ल्याची शक्यताही समितीने तपासली व नाकारली. त्या अहवालामुळे देशाची सुरक्षा धोक्यात आली नाही. उलट जाळे चालविणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला त्यातून शिकता आले.

गुपिताचे सोवळे

गुप्तता म्हणजेच सुरक्षा, ही नोकरशाहीची आवडती समजूत आहे. तिची परीक्षा कुडनकुलम येथे झाली. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी तेथील अणुवीज केंद्रातर्फे सांगण्यात आले की, असा हल्ला शक्यच नाही. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाला मान्य करावे लागले की, प्रशासकीय जाळ्यातल्या एका संगणकात घातक आज्ञावली सापडली होती आणि तिची सूचना सप्टेंबरच्या आरंभीच मिळाली होती. अणुभट्टीच्या नियंत्रणाला धक्का लागला नव्हता, हे महामंडळाचे म्हणणे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. जी संस्था मंगळवारी ‘अशक्य’ म्हणते आणि बुधवारी ‘झाले होते’ म्हणते, तिच्या गुरुवारच्या शब्दाला किंमत कोणती?

लपवाछपवीची किंमत संकटाच्या वेळी चुकवावी लागते. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला असताना भारताचे सत्तर टक्के वीज जाळे सायबर हल्ल्याने बंद पाडल्याची अफवा समाजमाध्यमांतून पसरली. ती खोटी असल्याचे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केले, आणि ती खोटीच होती. पण ज्या सरकारांनी २०२१ मध्ये एकमेकांच्या विरुद्ध निवेदने केली, त्यांच्या खुलाशावर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवावा ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? खरी माहिती नेहमी मिळत असेल तरच खोटी माहिती ओळखता येते.

युक्रेनचे वायरमन

वीज जाळ्यावरील यशस्वी सायबर हल्ल्याचे जगातले पहिले मोठे उदाहरण युक्रेनचे आहे. २३ डिसेंबर २०१५ रोजी तेथील तीन वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत बसलेल्या यंत्रचालकांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला आणि उपकेंद्रांचे ब्रेकर एकामागून एक उघडू लागले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. घुसखोर कित्येक महिने आधीच आत शिरलेले होते. कार्यालयीन पत्रव्यवहारासारख्या दिसणाऱ्या एका ई-मेलमधून त्यांनी चंचुप्रवेश केला, कर्मचाऱ्यांचे परवलीचे शब्द चोरले आणि दुरून काम करण्यासाठी ठेवलेल्या दारानेच ते नियंत्रण कक्षात आले. जाताना त्यांनी संगणक पुसून टाकले, उपकेंद्रांशी संपर्क साधणारी उपकरणे निकामी केली आणि ग्राहकांना तक्रारही करता येऊ नये म्हणून दूरध्वनी केंद्र खोट्या फोनांनी तुंबवून ठेवले.

तरीही एक ते सहा तासांत वीज परत आली. ती कोणी आणली? परदेशातून मागविलेल्या कोणत्याही महागड्या आज्ञावलीने आणली नाही. वायरमन आणि यंत्रचालक गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी ब्रेकर हाताने बंद करून पुरवठा जोडला. युक्रेनच्या जुन्या उपकेंद्रांत हाताने काम करण्याची सोय शिल्लक होती, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते काम जाणणारी माणसे शिल्लक होती. संगणक हरला तेथे कामगाराचे ज्ञान जिंकले.

हा धडा भारतात नेमका उलटा गिरवला जात आहे. पॉवरग्रिडने देशभरची आपली उपकेंद्रे हरियाणातील मानेसर येथून दूरनियंत्रणाने चालविण्याची व्यवस्था उभारली आहे. तंत्र म्हणून ती वाखाणण्याजोगी आहे, आणि यंत्राला विरोध करणे हे समाजवाद्याचे काम नव्हे. पण दूरनियंत्रण आले म्हणून उपकेंद्रातला माणूस काढायचा, हा हिशेब तंत्रज्ञाचा नाही, मुनिमाचा आहे. ज्या दिवशी दूरचा पडदा काळा होईल त्या दिवशी वर्ध्याच्या उपकेंद्रात, नागपूरच्या अंबाझरी भार प्रेषण केंद्रात, हिंगणघाट-आर्वीच्या लहान उपकेंद्रांत कोण उभा असेल? त्या रात्री सेवाग्रामच्या रुग्णालयाचा, पाणीपुरवठ्याच्या पंपांचा, पुलगावच्या दारूगोळा भांडाराचा आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचा भार कोणत्या माणसाच्या हातावर असेल?

शत्रू एकच नाही

‘चीनने केले’ एवढेच म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास आठवावा. कारखान्यातली यंत्रे संगणकी विषाने मोडण्याचा पहिला मोठा प्रयोग २०१० मध्ये उघडकीस आला. तो इराणच्या नतान्झ येथील अणुकेंद्रावर झाला होता, आणि त्यामागे अमेरिका व इस्रायल असल्याचे पुढे अमेरिकेच्याच वृत्तपत्रांनी सविस्तर लिहिले. ते केंद्र इंटरनेटला जोडलेले नव्हते. विष आत गेले ते हातातून नेता येणाऱ्या साधनावरून. २०१९ मध्ये रशियाच्या वीज जाळ्यात अमेरिकेने आपल्या आज्ञावली पेरून ठेवल्याचे वृत्त आले. रशियाने युक्रेनचे काय केले ते सर्वांसमोर आहे.

तात्पर्य, वीज जाळ्यावर डोळा ठेवणे हा आता प्रत्येक महासत्तेचा धंदा झालेला आहे. एका महासत्तेच्या भयाने दुसरीच्या कंपन्यांकडून कुलपे विकत घेणारा देश स्वतंत्र राहत नाही. तो फक्त किल्ली ठेवण्याची जागा बदलतो. जुलै २०२० मध्ये केंद्राने आयात वीजसामग्रीच्या तपासणीची सक्ती केली, ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. प्रत्येक वीज संस्थेत माहिती सुरक्षेचा स्वतंत्र अधिकारी, नियमित तपासणी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, नियंत्रण यंत्रणा इंटरनेटपासून अलग ठेवणे, हे सारे त्यांत आहे, आणि ते योग्य आहे. पण तत्त्वे कागदावर राहतात. उपकेंद्रात माणूस राहतो. त्या माणसाचे काय झाले, हे पाहिले पाहिजे.

कुंपणाला पाडलेली भगदाडे

२००३ च्या वीज कायद्यानंतर, जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले. निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. कार्यक्षमतेचा मोठा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात कायम पदे रिकामी राहत गेली आणि त्या जागी हजारो कंत्राटी कामगार आले. खांबावर चढणारा कंत्राटी, उपकेंद्रात रात्र काढणारा कंत्राटी, मीटर वाचणारा कंत्राटी, संगणक दुरुस्त करणाराही कंत्राटी. दोष त्या कामगारांचा नाही; तोच तर जिवावर उदार होऊन वीज चालू ठेवतो. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जिने त्याला ना पुरेसे प्रशिक्षण दिले, ना उद्याच्या नोकरीची हमी. ठेकेदार बदलला की माणसे बदलतात, आणि माणसांबरोबर परवलीचे शब्द व उपकेंद्राची खडान्‌खडा माहिती बाहेर जाते. देशाच्या जाळ्याचा राखणदार अकरा महिन्यांच्या करारावर ठेवणारे लोक सायबर सुरक्षेवर व्याख्याने देतात, तेव्हा कुंपणच शेत खाते ही म्हण आठवल्याखेरीज राहत नाही.

दुसरे भगदाड स्मार्ट मीटरचे. २०२३ मध्ये महावितरणने राज्यात सुमारे सव्वादोन कोटी स्मार्ट मीटर बसविण्याची, सुमारे सत्तावीस हजार कोटी रुपयांची कंत्राटे चार खाजगी कंपन्यांना दिली. जनतेच्या विरोधापुढे नमून जून २०२४ मध्ये सरकारने जाहीर केले की, सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही. पुढे तेच मीटर ‘टीओडी’ या नव्या नावाने, महिनाअखेरच्या बिलासह दारात आले. दरवाढीच्या अंगाने या मीटरांना झालेला विरोध रास्तच आहे; पण धोक्याची दुसरी बाजू अजून पुरेशी मांडली गेलेली नाही. स्मार्ट मीटरला दुरून घराची वीज तोडता येते. केंब्रिज विद्यापीठातील सुरक्षातज्ज्ञ रॉस अँडरसन यांनी २०१० मध्येच सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधात हा इशारा दिला होता की, लाखो घरांत दुरून चालणारे बंद-बटण बसविणे म्हणजे शत्रूसाठी नवे हत्यार तयार ठेवणे होय. लाखो घरांचा भार एका क्षणात सुटला किंवा एका क्षणात जोडला गेला, तर निर्मिती आणि मागणी यांचा तोल जातो, ५० हर्ट्‌झची वारंवारता ढळते आणि निरोगी वाहिन्याही स्वतःच्या बचावासाठी बंद पडू लागतात. थकबाकीदार शेतमजुराची वीज तोडण्याच्या सोयीसाठी सरकारने सबंध राज्याच्या गळ्यावर एक बटण बसविले आहे, आणि त्याची देखभाल कंत्राटदारावर सोपविली आहे.

तिसरे भगदाड खाजगीकरणाचे. भांडुप-नवी मुंबई परिसरात समांतर वितरण परवान्यासाठी अदानी समूहाच्या कंपनीने अर्ज केला, त्याविरुद्ध ४ जानेवारी २०२३ रोजी तिन्ही सरकारी वीज कंपन्यांतील कामगार, अभियंते संपावर गेले. सरकारला त्याच दिवशी बोलणी करावी लागली आणि संप मागे घेण्यात आला. तेव्हा काही वर्तमानपत्रांनी कामगारांवर जनतेला वेठीस धरल्याचा आरोप केला. एकाच वस्तीत दोन मालक आल्यावर हल्ल्याच्या रात्री जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र त्यांपैकी कोणाला सुचला नाही.

एका आक्षेपाचे उत्तर

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळता येणार नाही. कुडनकुलम सरकारी होते, भार प्रेषण केंद्रे सरकारी होती, मग सार्वजनिक मालकीने सुरक्षा कोठे दिली? आक्षेपात तथ्य आहे. सरकारी संगणकाला विषबाधा होत नाही असे कोणी म्हणत नाही, आणि सार्वजनिक क्षेत्रातली बेफिकिरी पाठीशी घालणे हे कामगार चळवळीचे काम नाही. पण सार्वजनिक मालकी आणि सरकारी मालकी यांत अंतर आहे. ज्या संस्थेचा हिशेब जनतेसमोर येत नाही, जिच्या निर्णयात कामगाराला व ग्राहकाला स्थान नाही, ती नावाने सरकारी आणि वृत्तीने जहागिरदारी असते. यावर उपाय जहागीर दुसऱ्या जहागिरदाराला विकणे हा नाही. सरकारी संस्थेला निदान विधानसभेत जाब विचारता येतो. खाजगी कंपनी ‘व्यापारी गुपित’ म्हणून दार लावून घेते.

वर्ध्याच्या भूमीत या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. १९३५ साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. त्या वर्षीच्या २२ जूनच्या ‘हरिजन’मध्ये त्यांनी लिहिले की, खेड्यातल्या घरोघरी वीज येत असेल आणि गावकरी तिच्यावर आपली अवजारे चालवीत असतील तर त्यास आपली हरकत नाही, मात्र वीजघरे गावाच्या किंवा राज्याच्या मालकीची असावीत, गायरान असते तशी. गांधीजींना यंत्रविरोधी ठरविणाऱ्यांनी आणि त्यांच्या नावाने वर्ध्यात स्मारके उभारून वीज कंत्राटदारांच्या स्वाधीन करणाऱ्यांनीही हे वाक्य कधी वाचलेले दिसत नाही. गायरान साऱ्या गावाचे असते, म्हणून त्याचे कुंपणही साऱ्या गावाने राखायचे असते. ते एकाला मक्त्याने दिले की प्रथम गुरे बाहेर राहतात, आणि मग गायरानही जाते.

काय मागायचे

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. १२ ऑक्टोबर २०२० च्या अंधारासंबंधी राज्य व केंद्र यांचे परस्परविरोधी निष्कर्ष एकत्र तपासून एकच अहवाल विधानसभेसमोर आणि संसदेसमोर ठेवावा. वीज कंपन्यांच्या सायबर तपासणीचा वार्षिक गोषवारा, तांत्रिक गुपिते वगळून, प्रसिद्ध करावा. उपकेंद्रे व भार प्रेषण केंद्रे यांतली पदे कायम स्वरूपात भरावीत आणि तेथे वर्षानुवर्षे राबणाऱ्या कंत्राटी कामगारांना प्रशिक्षणासह सामावून घ्यावे. संगणक बंद ठेवून, हाताने जाळे चालविण्याचा सराव प्रत्येक विभागात दरवर्षी व्हावा. स्मार्ट मीटरमधली दुरून वीज तोडण्याची सोय काढून टाकावी. नियंत्रण यंत्रणेची आज्ञावली सार्वजनिक संशोधन संस्थांत घडवावी किंवा निदान तेथे पूर्ण तपासावी. आणि सुरक्षेच्या प्रत्येक समितीवर कामगार संघटनांचा प्रतिनिधी असावा, कारण पडद्यावरचा बाण आपोआप हलताना पाहणारा पहिला मनुष्य तोच असणार आहे.

हे प्रश्न अभियंत्यांचे आहेत, चळवळीचे नाहीत, असे समजून कार्यकर्त्यांनी बाजूला राहणे चुकीचे ठरेल. देवळी, सेलू, समुद्रपूर, कारंजा येथल्या सभांत वीजबिलाचा प्रश्न निघतोच. त्याच सभेत हाही प्रश्न निघाला पाहिजे की, मीटरचे बंद-बटण कोणाच्या हाती आहे आणि उपकेंद्रात रात्री किती माणसे असतात. शेतकऱ्याचा दिवसाच्या विजेचा लढा, कंत्राटी वायरमनचा कायम नोकरीचा लढा आणि ग्राहकाचा मीटरविरोधी लढा हे तीन वेगळे लढे नव्हेत. एकाच गायरानाच्या तीन बाजू राखण्याचे ते काम आहे. ज्याच्या शिवारातून या तारा जातात तो शेतकरी आणि ज्याच्या हातांनी त्या उभ्या राहिल्या तो कामगार एकत्र आले, तरच हे कुंपण उभे राहील.